धोंड्याच्या महिन्यातली सहल

आमच्या घरात फिरायला जाणं हा प्रकारच नव्हता. आम्ही जायचो ते लग्नाला, मयतीला, नाहीतर देवाला. सगळा जन्म आदिलाबादेत काढून माझ्या आईनं कुंटाल्याचा धबधबा पाहिलेला नव्हता. पावसाळ्यात नागपूरकडची माणसं गाड्या भरभरून तो बघायला यायची, भुक्तापुरातल्या आमच्या भांड्याच्या दुकानासमोर थांबून बाबांना रस्ता विचारायची, आणि बाबा हात लांब करून असा काही ऐटीत रस्ता दाखवायचे की जणू रोज तिथंच आंघोळीला जातात. ते गेल्यावर आई आतून विचारायची, "तिकडं त्यायचं कोण हाये?" ज्या गावात आपलं कोणी नाही त्या गावाला माणूस कशाला जाईल, असा तिचा सरळ हिशोब. त्यामुळं भाऊजींचा फोन आला की, मी गाडी भाड्यानं घेऊन येतो, स्वतःच चालवतो, दोन दिवस सगळेच फिरून येऊ, तेव्हा बाबा फोन कानाला लावून नुसतेच "हो हो" म्हणत राहिले आणि फोन ठेवल्यावर आईकडं बघून म्हणाले, "फिराले म्हणते. कायले?"

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, वैशूताईचे यजमान. मंचेरियलला कोळशाच्या खाणीत ऑफिसात नोकरीला होते. ताई संक्रांतीला माहेरी आली होती, आणि मिरगाचा पाऊस पडून गेला तरी परत गेली नव्हती. भांडण झालं नव्हतं. मारहाण नव्हती, दारू नव्हती, सासू तर बिचारी गुडघ्यांच्या दुखण्यानं खाटेवरून उठत नव्हती. ताईला विचारलं की ती म्हणायची, "काई नाई झालं." आणि पुन्हा विचारलं तर, "मले नाई जायाचं." एवढंच. आमच्या गल्लीला मात्र एवढं पुरण्यासारखं नव्हतं. दुकानात चमचा घ्यायला आलेली बाईसुद्धा आधी ताईची चौकशी करायची, आणि बाबांना काय सांगावं ते कळायचं नाही. एक दिवस ते आईला म्हणाले, "नवरा वाईट असता तं मी छाती ठोकून घरी ठेवली असती. आता लोकायले काय सांगू?" तेव्हा फोन आल्यावर प्रत्येकानं आपापला अर्थ लावला. बाबांना वाटलं, जावई न्यायला येऊन राह्यले. आईला वाटलं, गोडीगुलाबीनं संबंध तोडायला येत आहेत. मला दोन्ही खरं वाटत होतं, सकाळी एक आणि दुपारी दुसरं. ताई म्हणाली, "जाऊ की," आणि अंबाडीची भाजी निवडत बसली.

त्यात तो धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात आमच्याकडं जावई म्हणजे देव. त्याला बोलावून पाटावर बसवायचं, शेजारी लेकीला बसवायचं, दोघांना ओवाळायचं, दिवा ठेवलेलं वाण द्यायचं आणि पुरण भरून उकडलेले धोंडे तूप घालून खाऊ घालायचे. ताईचं लग्न झाल्यानंतरचा हा पहिलाच धोंडा होता, म्हणजे टाळता येण्यासारखा नव्हता. पण जी लेक नवऱ्याकडं जायला तयार नाही तिला त्याच्या शेजारच्या पाटावर बसवायचं कसं, आणि गल्लीतल्या बाया बघायला आल्या तर तोंड कुठं लपवायचं, या विचारानं आईनं डाळ भिजत घालायची हिंमतच केली नव्हती. म्हणून सहलीचं ऐकून तिला पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. घरी नसलो म्हणजे धोंडा करायचा प्रश्नच येत नाही. बाबांनाही ते पटलं. आमची पहिली सहल निघाली ती अशी, धोंडा चुकवायला.

गाडी पांढरी होती आणि आत कोणाच्यातरी अत्तराचा वास येत होता. आईनं भाड्याच्या गाडीलाही हळदीकुंकू लावून चाकाखाली लिंबू ठेवलं. भाऊजींनी गाडीच्या मालकाला दाखवायला फोननं फोटो काढताना हळदीचा ठिपका हळूच पुसला. मग कोण कुठं बसणार यावरून घोळ झाला. जावई गाडी चालवणार आणि आपण बसणार, ही गोष्टच बाबांना गिळवत नव्हती. "लोक म्हणतीन जावयाले ड्रायवर केलं," असं ते पुटपुटले आणि मानाचं म्हणून मागं बसले. मागं बसल्यावर तर जावई अगदीच ड्रायव्हर दिसायला लागले, म्हणून उतरून पुढं आले. पुढं पट्टा लावायला लागतो म्हटल्यावर त्यांनी तो पाठीमागून अडकवला आणि गाडी टीं टीं करत ओरडू लागली. ताई पुढं बसेल का, असं कोणी विचारलं नाही. शेवटी मी पुढं बसले. सतरा वर्षांची, नुकतीच बारावीत गेलेली, आणि भाऊजींचा दोष शोधून काढायचाच असा मनाशी निश्चय केलेली. ताई सांगत नाही तर आपणच बघू, असं माझं चाललं होतं.

मी दोन दिवस त्या माणसाला असं निरखलं की पोलीसही निरखणार नाहीत. ते फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईचं ऐकून गाडी वळवायचे, आणि बाई चुकली तर तिच्यावर चिडायचे नाहीत. हायवेच्या दोन्ही बाजूंना कापसाची कोवळी रोपं पाण्यात उभी होती. गुडीहत्नूर मागं टाकून इच्चोड्याला थांबलो तेव्हा त्यांनी मिरचीभजी घेतली आणि आईला तिखट चालत नाही म्हणून तिच्यापुरती आलूची वेगळी सांगितली. बाबा काच खाली करायला जाऊन भलतंच बटण दाबायचे, तेव्हा हसायचे नाहीत. ताईला गाडी लागते हे त्यांच्या ध्यानात होतं. वळण आलं की वेग कमी. एक दोष सापडला: गाडी चालवताना ते बोटांनी चाकावर ठेका धरत आणि तो ठेका आत लागलेल्या गाण्याशी जुळत नसे. एवढ्यावर कोणी नवरा सोडतं का? मी मागं वळून ताईकडं बघायची, तर ती खिडकीतून पाऊस बघत असायची.

कुंटाल्याला खाली उतरायच्या पायऱ्या संपता संपत नाहीत. बाबा वरच बसले, "मी चप्पला सांभाळतो" म्हणून. आई भाऊजींच्या हाताला धरून उतरली, आणि ते मातकट पाणी एवढ्या उंचावरून आपटताना ती मान वर करून बघत राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी, अन् आपल्या नळाले एक दिवसाआड." तुषारांनी तिचं लुगडं ओलं झालं होतं आणि ती हसत होती. आई घराबाहेर अशी हसते हे मला माहीत नव्हतं. मी फोटो काढायला मागं वळले, तर ताई आणि भाऊजी एका दगडावर बसून एकच भुट्टा खात होते. दाणे काढून ते तिच्या हातावर ठेवत होते. काहीतरी बोलून दोघं खळखळून हसले. माझ्या मनावरचं ओझंच उतरलं, झालं, मिटलं. धावत वर जाऊन मी बाबांना सांगितलं आणि बाबांनी तिथल्या तिथं देवाला नारळ बोलला. पण वर येताना ताईचे डोळे लाल दिसले, आणि भाऊजी तिच्या पुढं सहा-सात पायऱ्या चालत होते, मागं न बघता. मी बाबांना ते काही सांगितलं नाही. नारळ बोलून झाला होता.

त्या रात्री इच्चोड्याच्या लॉजवर आणखी एक घोटाळा झाला. खोल्या दोन. कोणी कोणत्या खोलीत झोपायचं हे ठरवायचं धाडस कोणात नव्हतं, तेव्हा आईनं बायका एकीकडं आणि पुरुष एकीकडं अशी वाटणी करून टाकली. बाबांना जावयासमोर घोरायची लाज वाटली म्हणून ते रात्रभर भिंतीला टेकून बसले आणि सकाळी सुजल्या डोळ्यांनी चहा प्यायले. आईनं मात्र निघताना लॉजची खोली झाडून काढली. आता मीही बरेच लॉज पाहिले आहेत; खोली सोडताना चादरीची घडी केल्याशिवाय माझाही पाय निघत नाही, आणि माझा नवरा दारात उभा राहून घड्याळ बघतो.

दुसऱ्या दिवशी सिरिचेलम्याचं तळ्याकाठचं जुनं शंकराचं देऊळ पाहिलं आणि तिथून उटनूरला गोंड राजांचा किल्ला बघायला गेलो. किल्ला म्हणजे एक दरवाजा, काही भिंती आणि कंबरेएवढं गवत. पाटी तेलुगूत होती. बाबांना तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. भाऊजींनी वाचून दाखवली. आई-बाबा दरवाज्याच्या सावलीत बसले, ताई भिंतीवर हात टेकून एकटीच दूर उभी होती. मला राहवेना. मी भाऊजींना सरळ विचारलं, "तुमी ताईले नेऊन राह्यले का?"

ते गवताची काडी तोडत होते. म्हणाले, "तुले काय वाटते?"

"मले काईच समजून नाई राह्यलं."

"मलेबी," ते म्हणाले.

मग काडी टाकून देऊन म्हणाले, "तिले मी आवडत नाई असं नाई. मी इचारलं. ती म्हणे, तुमी चांगले हाये. पण तिथं घरात तिचा जीव घुसमटते. रोज सकाळी उठून रडत होती, अन् मी चहा करून देत होतो. चहा पिऊन पुना रडे." सांगताना त्यांचा चेहरा एखादं गणित न सुटलेल्या पोरासारखा झाला होता. मला त्यांची इतकी दया आली की क्षणभर ताईचाच राग आला, आणि मग रागाचाही राग आला. दोष शोधायला निघाले होते मी, आणि सापडला होता एक माणूस जो चहा करून देतो.

परतीचा रस्ता इंद्रवेल्लीवरून गुडीहत्नूरला मिळतो, आणि त्या रस्त्यावर, अगदी डांबरी सडकेला लागून, माझ्या मामाचं गाव. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वांगी-टमाट्याचा मळा करायचा. आता आमची गाडी काही मामाच्या दारात थांबणार नव्हती. सरळ घरी जायचं, असंच ठरलं होतं. पण गावावरून जायचं आणि कळवायचं नाही, हे बाबांच्या रक्तात नव्हतं. कोणी आम्हाला ओळखलं आणि पुढं बोल लागला तर? म्हणून त्यांनी मागच्या सीटवरून मामाला फोन लावला: "आमी तुमच्याच रस्त्यानं येऊन राह्यलो. थांबत नाई, नुसतं सांगतलं. हो, हो, जावईबी हायेत." त्यांनी फोन खिशात ठेवला. आई म्हणाली, "धोंडा हाये ना सुरू." बाबांनी कपाळाला हात लावला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मामा सडकेवर टॉवेल हलवत उभा होता, आणि घरातून डाळ शिजल्याचा वास येत होता.

मामीनं पुरण वाटलंसुद्धा होतं. तेवढ्या वेळात अनारसे होणार नाहीत म्हणून मामानं वाणासाठी दुकानातून बत्तासे आणले होते, आणि जावयाला द्यायला स्वतःसाठी घेतलेला कोरा टॉवेल आणि टोपी. भाऊजी जीन्स घालून, टोपी डोक्यावर ठेवून पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. मामीला काहीच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून तिनं दाखवलं नाही. तिनं ताईला दंडाला धरून आणलं आणि बसवलं. ताई बसली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मामीनं ओवाळलं, बत्ताशांवरचा दिवा भाऊजींच्या हातात दिला, ताटात धोंडे वाढले. तूप वाढायच्या आधी मामा म्हणाला, "मागा जावईबापू. ताटावर बसल्यावर काई मागायचं असते." आमच्याकडची ही रीतच, जावई मागतो आणि सासरच्यांनी नाही म्हणायचं नसतं. बहुतेक जावई अंगठी मागतात, नाहीतर गाडी, आणि मग बरेच दिवस थट्टा चालते. मामा स्वतःच हसून म्हणाला, "माह्या गायीची कालवड हाये, ते मागा पायजे तं."

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी टोपी नीट केली आणि बाबांकडं बघून म्हणाले, "मामाकून नाई. तुमच्याकून मागायचं हाये."

बाबा भिंतीला टेकून बसले होते ते ताठ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला, कुंटाल्याला नारळ बोलताना दिसला होता तोच. आता लेक मागणार. आणि आता नाही म्हणता येणार नाही, ना बाबांना, ना ताईला. ताईची मान खाली होती. "मागा," बाबा म्हणाले. "काईबी मागा."

"हिले इथंच राहू द्या," भाऊजी म्हणाले. "अन् काऊन राह्यली ते हिले कोणी इचारू नका."

मामा म्हणाला, "हे काय मागणं झालं बाप्पा?" बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. ते एकदा भाऊजींकडं बघायचे, एकदा ताईकडं, एकदा ताटाकडं. मग आईच म्हणाली, "तूप वाढा कोनी तरी. धोंडे निवून राह्यले."

तूप ताईनं वाढलं. पाटावरून न उठता तिनं मामीच्या हातातली वाटी घेतली आणि भाऊजींच्या धोंड्यावर इतकं तूप ओतलं की ते ताटभर पसरलं. भाऊजींनी ते सगळं खाल्लं. ताट बोटानं पुसून खाल्लं. बाबा खाली बघत म्हणाले, "मागतलं ना त्यायनं. देलं मी." आणि उठून मळ्याकडं निघून गेले. मला रडू येत होतं आणि ते कोणासाठी येतंय हे कळत नव्हतं.

भाऊजींनी आम्हाला घरी सोडलं, आईच्या पाया पडले, आणि तशीच गाडी वळवून मंचेरियलला निघून गेले. बाबांनी खिडकीशी वाकून एवढंच म्हटलं, "सावकाश जा." पुढं त्यांचं दुसरं लग्न झालं, मुलं झाली, मी त्यांना आजही भाऊजीच म्हणते, आणि ते आजही माझा फोन उचलतात. त्यांनी ते मागणं आधी ठरवलं होतं का, की ताटावर बसल्यावर सुचलं, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. ते म्हणतात, आठवत नाही. ताईलाही मी विचारलं, कितीतरी वर्षांनी, कारण मला कोणी वचनात बांधलं नव्हतं. ती म्हणाली, "मलेच माईत असतं तं मी तवाच सांगतलं नसतं का?" मी एवढी जगले, माझंही लग्न झालं, मोडता मोडता सावरलं, तरी या दोघांमधलं काय तुटलं होतं ते मला सांगता येणार नाही. लिहून काढलं तर उलगडेल असं वाटलं होतं. नाही उलगडलं.

सहलीनंतर दोन-तीन दिवसांनी शेजारच्या काकू दुकानात आल्या. कढई वाजवून बघत, आमच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जावई गाडी घेऊन आलते म्हणे. मंग वैशूले नेलं नाई काऊन?" मी गल्ल्याजवळ होते, ताई मागं ताटांची चळत लावत होती. तिचे हात थांबले. संक्रांतीपासून बाबा या प्रश्नाला चळाचळा कापत होते. त्यांनी फडक्यानं तांब्या पुसला, पुन्हा पुसला.

"धोंड्याच्या ताटावर मागून घेतलं त्यायनं," बाबा म्हणाले. "राहू द्या म्हणे इथंच. आता जावयानं ताटावर मागतलं, मंग नाई म्हणता येते का?"

धोंड्याच्या ताटावरच्या मागण्यापुढं बोलायला कोणाकडं काय असणार? "नाई बाप्पा, ते तं खरं हाये," असं म्हणून त्यांनी कढई घेतली, भाव न करता, आणि गेल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की भाऊजी ताईसाठी जागा मागून गेले होते आणि बाबांना लोकांत द्यायला उत्तर देऊन गेले होते. की हेही मीच लावलेलं?

काकू गेल्यावर बाबा वळले. ताई त्यांच्याकडेच बघत होती. दुकानात आम्ही तिघंच होतो, रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मला इतका स्वच्छ दिसत होता की वाचता यावा.

"वैशू," ते म्हणाले, "काऊन..."

ताईनं मान वर केली. बाबा थांबले. त्यांनी तांब्या फळीवर ठेवला.

"काऊन हे ताटं अंधारात लावले तू?" ते म्हणाले. "पुढं लाव. आता तुलेच इकायचे हायेत."